ड्रॅगन बॉल फायटर्झ: कॉम्बो कसा बांधायचा आणि कुठे संपवायचा

नवीन माणूस हा गेम उघडतो आणि पहिल्याच दिवशी त्याला वाटतं की हे तर एकदम सोपंय, एल बटण दाबत राहिलं की गोकू आपोआप मारतो, वर उडवतो, वर जाऊन परत मारतो आणि मीटर (ताकदीची पट्टी) भरलेलं असेल तर शेवटी सुपरसुद्धा (मोठा हल्ला) टाकतो. मग तो ऑनलाइन जातो, पहिली हिट समोरच्याची बसते आणि त्यानंतर त्याचं आख्खं पात्र संपेपर्यंत त्याला फक्त बघत बसावं लागतं. कारण या गेममध्ये मार खाताना मधेच सुटायचा काही मार्ग नाहीये, त्याच आर्क सिस्टम वर्क्सच्या गिल्टी गिअर किंवा ब्लेझब्लूमध्ये बर्स्ट (मार खाताना सुटायची मूव्ह) असतो तसा इथे नाही. हिट बसली म्हणजे समोरचा चुकेपर्यंत किंवा कॉम्बो (एकमेकांना जोडलेल्या हिटची मालिका) संपेपर्यंत तुम्ही प्रेक्षक. म्हणून इथे कॉम्बो येणं ही किमान गोष्ट आहे, पण लोक तो शिकतात चुकीच्या क्रमाने, आधी सगळ्यात जास्त डॅमेजचा व्हिडिओ शोधतात आणि तोच घोटत बसतात. मी या गाइडमध्ये उलट्या बाजूने जाणार आहे. आधी कॉम्बो संपल्यावर काय हवंय ते ठरवायचं आणि मग त्याच्या मागे मागे जात कॉम्बो बांधायचा.

थोडी ओळख करून देतो, कारण ड्रॅगन बॉलचे फायटिंग गेम खूप आहेत आणि सगळे एकसारखे नाहीत. बुदोकाई तेनकाईची किंवा झेनोव्हर्समध्ये कॅमेरा पाठीमागे असतो, मोकळ्या मैदानात उडत मारामारी चालते. फायटर्झ जानेवारी २०१८ मध्ये आला, तो टूडी आहे, तीन विरुद्ध तीन, प्रत्येक टीमला तीन पात्रं, एक समोर आणि दोन मागे असिस्ट (बोलावल्यावर येऊन हल्ला करून मदत) द्यायला. पात्रांची हेल्थ १०,००० असते आणि मीटर जास्तीत जास्त ७ बार भरतं. सगळ्या स्पेशल मूव्ह क्वार्टर सर्कल (स्टिक पाव गोल फिरवणं) किंवा त्याहून सोप्या इनपुटवर आहेत, अवघड मोशन एकही नाही. म्हणजे हात अडतो तो इनपुटवर नाही, टायमिंगवर आणि निर्णयावर.

नोटेशन आणि बटणं

कीबोर्डवरचा नंबर पॅड डोळ्यासमोर आणा, तुमचं पात्र उजवीकडे बघतंय असं धरा. ५ म्हणजे काही न दाबता, २ म्हणजे खाली, ६ म्हणजे पुढे, ४ म्हणजे मागे. एल हलकं, एम मधलं, एच जड, एस म्हणजे की ब्लास्ट (ऊर्जेचा गोळा). तर २एम म्हणजे खाली दाबून मीडियम, आणि पुढे 'जे' लावलं की तीच मूव्ह हवेत. दोन बटणं एकत्र दाबून होणाऱ्या सगळ्यांच्या कॉमन गोष्टी अशा: एल आणि एम म्हणजे ड्रॅगन रश (ब्लॉक फोडणारी पकड), एम आणि एच म्हणजे व्हॅनिश (गायब होऊन समोरच्याच्या पाठीमागे प्रकट होणं), एच आणि एस म्हणजे सुपर डॅश (समोरच्याकडे आपोआप उडत जाणं). हे सगळं प्रत्येक पात्राला सारखंच असतं, त्यामुळे एका पात्रावर घेतलेली मेहनत दुसऱ्यावर जवळपास पूर्ण कामाला येते, ही या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

बेसिक साखळी

जमिनीवर नियम असा की हलक्यातून मधलं, मधल्यातून जड, जडातून स्पेशल, असं वर चढत जायचं, उलटं येता येत नाही. पण ५एम आणि २एम या दोन वेगळ्या मूव्ह धरल्या जातात, म्हणून एकातून दुसरी निघते, आणि एवढ्याशा सवलतीवर अर्धे कॉम्बो उभे आहेत. २एम बहुतेक पात्रांचा लो असतो, म्हणजे उभ्याने ब्लॉक करणाऱ्याला लागतो. त्याच्यातून ५एम काढला की जम्प कॅन्सल करून (मूव्हचा शेवट उडीने तोडून) वर जाता येतं.

मग शिकायला पहिला कॉम्बो हा घ्या: २एम, ५एम, जम्प, जे.एम, जे.एल, परत जम्प, जे.एम, जे.एल, जे.२एच, सुपर डॅश, आणि वर पोचल्यावर हवेतला एल तीनदा. पात्राप्रमाणे एखादं बटण कमीजास्त होतं, कोणाला मधे थोडं थांबावं लागतं, कोणाचा जे.एम हळू असतो तर तिथे जे.एल आधी टाकावा लागतो, पण सांगाडा हाच. जे.२एच समोरच्याला अजून वर उचलतो आणि सुपर डॅश आपोआप त्याच्यापर्यंत नेतो.

इथे जवळपास सगळे एकाच जागी अडकतात ते म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या जम्पच्या मधे. कारण असं की माणूस घाईघाईत सगळं दाबतो, मग दुसरा जम्प निघतच नाही किंवा निघतो पण पात्र समोरच्याच्या खूप वर जातं आणि पुढचा जे.एम डोक्यावरून जातो. उपाय कंटाळवाणा आहे पण तोच चालतो, कॉम्बो तोडून शिका. आधी फक्त २एम, ५एम, जम्प, जे.एम एवढंच, दहातले दहा बसेपर्यंत. मग फक्त दुसऱ्या जम्पपासून पुढचा भाग. दोन्ही स्वतंत्रपणे हातात बसले की जोडायला फार वेळ लागत नाही. आणि जोडताना एक लक्षात ठेवा, दुसऱ्या जम्पच्या आधीच्या जे.एलची हिट लागलेली डोळ्यांनी दिसू दे, आवाज कानांनी ऐकू दे, मग जम्प दाबा. बटणं लय पकडून दाबायची असतात, जोरात दाबून काही होत नाही.

गेममध्येच प्रत्येक पात्राचे कॉम्बो चॅलेंज आहेत. सुरुवातीचे चांगले आहेत, त्यातून पात्राच्या मूव्ह कशा एकमेकीत जातात ते समजतं. शेवटचे काही फक्त दाखवायला छान आहेत, खऱ्या मॅचमध्ये ते करायची वेळ क्वचितच येते, त्यावर आठवडा घालवू नका.

कॉम्बो लांबवला म्हणून डॅमेज वाढत नाही, असं का?

दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पहिली स्केलिंग, प्रत्येक नवीन हिटचा डॅमेज आधीच्यापेक्षा कमी धरला जातो, आणि सुरुवात कशाने केली यावर ते किती लवकर घसरतं हे ठरतं. एलने सुरू केलेला कॉम्बो कमी मारतो, एम किंवा एचने सुरू केलेला जास्त. म्हणून समोरच्याने मोठी चूक केली आणि तुमच्याकडे भरपूर वेळ आहे तर ५एल दाबणं म्हणजे फुकटचा डॅमेज सोडून देणं. हात सवयीने एलकडेच जातो, तो मुद्दाम एमकडे वळवायची सवय लावावी लागते.

दुसरी गोष्ट हिटस्टनची (हिट खाल्ल्यावर हलता न येण्याच्या वेळेची) घसरण. कॉम्बो जितका वेळ चालू राहील तितका समोरचा हिट खाल्ल्यावर लवकर सावरतो. जी साखळी सुरुवातीला आरामात जोडली जाते तीच शेवटी जोडली जात नाही, समोरचा मधेच टेक करून (सावरून) निघून जातो. त्यामुळे हळू पण मजबूत मूव्ह आधी, पटकन निघणाऱ्या नंतर. एखादा कॉम्बो ट्रेनिंगमध्ये मधल्या भागापासून केला की लागतो आणि पूर्ण केला की शेवटी सुटतो, तर बोटांना दोष देण्याआधी हे तपासा, बऱ्याचदा मधली एखादी हिट काढून टाकली की शेवट लागतो आणि डॅमेजमध्ये जेमतेम फरक पडतो.

त्याशिवाय स्मॅश नावाचा प्रकार आहे, ज्यात समोरचा जोरात फेकला जातो, भिंतीवर आदळतो किंवा जमिनीवर घसरत पडतो. एकाच कॉम्बोत तोच परिणाम परत परत मिळत नाही. म्हणजे ही एक प्रकारची मर्यादित शिल्लक आहे आणि ती कुठे खर्च करायची ते तुम्ही ठरवायचं. मधेच खर्च केली तर कॉम्बो लांबतो, पण शेवटी समोरचा लगेच उठू शकतो. शेवटासाठी राखली तर कॉम्बो आखूड राहतो पण समोरचा घसरत पडून राहतो आणि तुम्हाला वेळ मिळतो. हा हिशोब समजला की यूट्यूबवरचा कुठलाही कॉम्बो बघताना लगेच कळतं की करणाऱ्याने तिथे ती मूव्ह का टाकली.

आता शेवट

माझ्या मते प्रत्येक कॉम्बोचे तीनच उपयोगी शेवट असतात आणि हिट लागल्या लागल्या डोक्यात ठरलेलं पाहिजे की आपण कुठल्या शेवटाकडे चाललोय.

एक, मारून टाकणं. समोरच्याची हेल्थ इतकी कमी आहे की मीटर खर्च केलं की तो जातो. मग लेव्हल थ्री सुपर, ज्याला ३ बार लागतात, किंवा लेव्हल वन टाकून त्याच्यातूनच पुढच्या साथीदाराचा सुपर आणि मग तिसऱ्याचा, प्रत्येकाला आपापले बार. सुपरचा डॅमेज स्केलिंगमुळे एका मर्यादेखाली जात नाही, त्यामुळे लांब कॉम्बोच्या शेवटीही तो चांगला मारतो. पण इथे एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. पात्र मेलं की पुढचं पात्र येतं आणि दोघं परत समोरासमोर सुरुवातीसारखे उभे राहतात, म्हणजे तुम्ही कष्टाने कॉर्नरमध्ये (स्क्रीनच्या टोकाला) दाबून ठेवलेला असतो तो कॉर्नर गेला. तरीही मारता येत असेल तर मारा, जवळपास नेहमीच, कारण एक पात्र गेलं म्हणजे त्याची एक असिस्ट गेली आणि समोरच्याचा अर्धा गेमप्लॅन कोलमडतो.

दोन, घसरत पडलेला समोरचा, आणि जमलं तर कॉर्नरमध्ये. डॅमेज थोडा कमी घेतला पण तो जमिनीवर आहे, तुम्ही त्याच्या डोक्यावर आहात, असिस्ट परत तयार होतेय. याच ठिकाणी मॅच जिंकल्या जातात, कारण उठताना त्याला अंदाज लावायला लागतो आणि अंदाज चुकला की परत पूर्ण कॉम्बो. मीटर न वापरता असा शेवट होत असेल तर तो बाकी सगळ्यापेक्षा आधी शिका.

तीन, समोरच्याला जबरदस्तीने बदलायला लावणं. ड्रॅगन रश लागल्यावर असिस्टचं बटण दाबलं की तो बाहेर जातो आणि मागे बसलेल्यापैकी तुम्ही निवडलेला आत येतो. मागे बसलेलं पात्र आपली निळी हेल्थ हळूहळू परत भरत असतं, तर अर्धमेलं पात्र लपून बसलंय आणि भरतंय असं दिसलं की त्याला खेचून बाहेर काढायचा हाच रस्ता. खूप लोक हे विसरतात आणि मग शेवटी तेच पात्र बरं होऊन येतं आणि मॅच फिरवतं.

ड्रॅगन बॉल गोळा करायचा प्रकारही कॉम्बोवरच आहे, हिटच्या संख्येप्रमाणे १० पासून ७० पर्यंत एकेक बॉल मिळतो आणि सातही झाले, ७ बार भरले की एलच्या ऑटोकॉम्बोने शेनरॉन (इच्छा पुरवणारा ड्रॅगन) येतो आणि हेल्थ भरून देणं किंवा मेलेला साथीदार परत आणणं असं काही देतो. बघायला जबरदस्त. पण त्याच्या मागे लागून कॉम्बो मुद्दाम लांबवू नका.

कन्फर्म

ट्रेनिंगमध्ये कॉम्बो लागतो आणि मॅचमध्ये लागत नाही, ही तक्रार सगळ्यांची असते आणि त्याचं उत्तर जवळपास नेहमी एकच. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला माहिती असतं की हिट लागणार आहे. मॅचमध्ये माहिती नसतं. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, एका एलच्या हिटवर डोळ्यांनी बघून निर्णय घेणं कोणालाही कठीण. म्हणून सुरुवात अशी करा की तुम्हाला दोन-तीन हिट बघायला मिळतील, ५एल मग परत एल, मग २एम, आणि तेवढ्या वेळात ठरवा लागतंय की ब्लॉक होतंय, यालाच कन्फर्म म्हणतात. लागलं तर जम्प करून कॉम्बो. ब्लॉक झालं तर असिस्ट बोलावून दबाव चालू ठेवा किंवा थांबा. ब्लॉक झालेलं असताना सवयीने वर उडी मारून पूर्ण कॉम्बो हवेत वाजवणारे खूप आहेत, आणि त्यांना खाली उतरताना मार बसतो.

ट्रेनिंग मोडमध्ये डमीचा गार्ड रँडमवर ठेवा. कधी ब्लॉक करेल, कधी नाही. मग तुमची ५एल, एल, २एम सुरू करा आणि लागलं तरच पुढे जा. पहिल्या दोन दिवसांत चिडचिड होईल, पण पाच मिनिटं रोज हे केलं तर अर्ध्या तासाच्या कॉम्बो प्रॅक्टिसपेक्षा जास्त फरक दिसेल. असिस्ट आधी बोलावून मग हल्ला केला तर कन्फर्म अजून सोपा होतो, असिस्ट समोरच्याला ब्लॉकमध्ये किंवा हिटमध्ये धरून ठेवते आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. सुपर सायन व्हेजिटाची ए असिस्ट याच कारणाने इतकी लोकप्रिय झाली, ब्लास्टची लांबच लांब सर येते आणि तेवढ्या वेळात तुम्ही समोरच्याच्या आजूबाजूला हवं ते करता. २०२० मध्ये सीझन ३ आल्यापासून प्रत्येक पात्राला ए, बी, सी अशा तीन असिस्टमधून निवडता येतं, त्यामुळे टीम बनवताना पात्र आवडतंय का एवढंच न बघता त्याची कुठली असिस्ट तुमच्या पुढच्या पात्राला हवीय हे बघा.

न्यूट्रल, म्हणजे पहिली हिट येते कुठून

सुपर डॅश हा या गेमचा सगळ्यात मोठा मोह आहे. दोन बटणं दाबली की पात्र स्क्रीनच्या टोकापासून उडत जातं, साध्या की ब्लास्टला भेदून जातं, लागलं तर कॉम्बो. म्हणून खालच्या रँकमध्ये अख्खी मॅच सुपर डॅशची चालते. याचं उत्तर प्रत्येक पात्राला दिलेलं आहे, २एच. हवेतून येणाऱ्या हल्ल्यांना ती चुकवते आणि समोरच्याला वर उडवते, तिथून पूर्ण कॉम्बो मिळतो. कॉम्बोच्या आधी हे शिका असं मी म्हणेन. डमीला रेकॉर्ड करून वेगवेगळ्या अंतरावरून आणि वेगवेगळ्या वेळेला सुपर डॅश करायला लावा, आणि फक्त २एच आणि त्यानंतरचा कॉम्बो एवढंच करत राहा.

पण मग समोरचाही शिकतो. त्याला कळतं की तुम्ही २एच टाकता, तर तो उडी मारतो आणि काहीच करत नाही, तुमची २एच रिकामी जाते, तिची रिकव्हरी (मूव्हनंतर सावरायचा वेळ) लांब असते आणि तो खाली उतरून तुम्हाला मारतो. किंवा असिस्ट पुढे करून तिच्या मागून येतो. मग तुम्हाला परत बदलावं लागतं, कधी २एच, कधी नुसता ब्लॉक, कधी मागे सरकून त्याची उडी संपू द्यायची, कधी त्याच्या आधी हवेत जाऊन जे.एलने अडवायचं. स्पर्धेतला खरा खेळ या थरांत आहे आणि तो कुठल्याही कॉम्बोच्या व्हिडिओत दिसत नाही. व्हॅनिशचंही तसंच, एक बार खर्च करून पाठीमागे प्रकट होता येतं, कॉम्बो वाढवायला किंवा धोकादायक मूव्हनंतर झाकायला ते उत्तम, पण काहीच सुचलं नाही म्हणून नुसता व्हॅनिश फेकणारा माणूस अनुभवी प्लेयरला दोन मिनिटांत वाचता येतो.

ब्लॉक झाल्यावर

समोरचा ब्लॉक करतोय तर तुमच्याकडे चार गोष्टी आहेत. लो म्हणजे २एम, उभ्या असलेल्याला. ओव्हरहेड म्हणजे ६एम किंवा उडीतली मूव्ह, बसलेल्याला. ड्रॅगन रश, ब्लॉकच करत बसलेल्याला. आणि काही न करणं. हे शेवटचं सगळ्यात कमी शिकवलं जातं. ५एल टाका आणि अर्धा क्षण थांबा. समोरच्याला वाटतं तुमचा टर्न संपला, तो बटण दाबतो, आणि तुमची पुढची ५एम त्याच्या बटणाच्या आधी पोचते. असं दोनदा झालं की तो बटण दाबायला घाबरतो, आणि घाबरला की ड्रॅगन रश लागतो, कारण ड्रॅगन रश तसा हळू आहे, डोळे उघडे असलेल्याला दिसतो आणि त्याच बटणांनी सोडवता येतो, पण जो आधीच खाली बसून पुढच्या ५एमची वाट बघतोय त्याला दिसत नाही. ६एम नुसता लागला तर बऱ्याच वेळा पुढे कॉम्बो मिळायला असिस्ट किंवा व्हॅनिश लागतो, ते तयार आहे का बघूनच टाका.

ब्लॉक करणारे तुम्ही असाल तर

या गेममध्ये डिफेन्स कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो शिकतच नाहीत आणि मग दोन वर्षं एकाच रँकमध्ये राहतात. साधनं आहेत. मागे दाबून एस म्हणजे रिफ्लेक्ट, तो समोरच्याचा हल्ला परतवून त्याला मागे ढकलतो आणि तुमच्यात अंतर पडतं. पण समोरून काहीच आलं नाही तर रिफ्लेक्टची रिकव्हरी उरते आणि थांबून खेळणारा प्लेयर नेमका त्याचीच वाट बघत असतो. दुसरं म्हणजे गार्ड कॅन्सल, एक बार देऊन ब्लॉक करता करता साथीदाराला आत आणता येतं, तो समोरच्याला मारतच येतो. आणि बऱ्याच लेव्हल थ्रीला सुरुवातीला इन्व्हिन्सिबिलिटी (काहीच लागत नाही अशी वेळ) असते, उठताना टाकली तर समोरचा उडतो, ब्लॉक झाली तर तुम्ही उडालात आणि ३ बारही गेले.

माझा सल्ला असा की पहिले काही महिने यातलं एकच निवडा, गार्ड कॅन्सल, आणि त्यासाठी नेहमी एक बार राखून ठेवा. सगळं मीटर डॅमेजमध्ये घालायची सवय सगळ्यांना असते. एक बार मागे ठेवून कॉम्बो संपवला तर डॅमेज थोडा कमी होतो, पण पुढच्या वेळी कॉर्नरमध्ये अडकलात तर बाहेर यायचा रस्ता असतो.

एव्हो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेच्या २०१८ च्या फायनलमध्ये सोनिकफॉक्स यांनी गो-वन यांना हरवलं आणि एव्हो २०१९ च्या फायनलमध्ये याच दोघांमध्ये गो-वन जिंकले. दोन्ही मॅच शोधून बघा, पण कॉम्बो चालू असताना नाही. कॉम्बो चालू झाला की पुढे ढकला आणि फक्त कॉम्बोच्या मधला भाग बघा. गो-वन आपल्या डिफेन्ससाठी ओळखले जातात, ते ब्लॉक करत असताना किती कमी बटणं दाबतात ते बघण्यासारखं आहे. माणूस किती वेळ नुसता बसून राहतो, आणि मग नेमक्या एका फटीत बाहेर येतो. सोनिकफॉक्स यांच्या खेळात उलट बघा, असिस्ट कुठे बोलावली आणि का, म्हणजे ती लागण्यासाठी बोलावली की आपल्याला पुढे जायला जागा करण्यासाठी.

स्पार्किंग कधी वापरायचं

स्पार्किंग म्हणजे थोड्या वेळाची ताकदवाढ, प्रत्येक मॅचमध्ये एकदाच मिळते. चालू केलं की समोरचा ढकलला जातो, डॅमेज वाढतो, निळी हेल्थ भरायला लागते, आणि जितके साथीदार कमी उरलेत तितकं ते जास्त वेळ चालतं. म्हणून शेवटच्या पात्राकडे ते असणं हा मोठा धाक आहे, शेवटचं पात्र आणि स्पार्किंग यातून तिन्ही पात्रं मारलेली मॅच प्रत्येकाने पाहिलेली असते. पण ते जपून ठेवत मरणारेही तितकेच आहेत. मी असं म्हणेन की पहिल्याच कॉम्बोत स्पार्किंग टाकून समोरचं पात्र नक्की मरतंय आणि ते पात्र त्यांच्या टीमचा कणा आहे, तर टाका. नक्की मरतंय याची खात्री नसेल तर हात आवरा. सीझन ३ पासून एकटं उरलेल्या पात्राला वेगळा डॅमेज बूस्टही मिळतो, त्यामुळे शेवटचं पात्र कोण ठेवायचं याचा विचार टीम बनवतानाच करा. ज्याला असिस्टशिवायही स्वतःहून कॉम्बो आणि मिक्सअप (समोरच्याचा अंदाज चुकवणारे हल्ले) करता येतो तो शेवटी, ज्याला मीटर जमवून द्यायला आणि पुढे घुसायला आवडतं तो पहिला, आणि मधे तो ज्याची असिस्ट तुम्हाला सगळ्यात जास्त हवीय.

रोजचा सराव, एक तास असेल तर

दहा मिनिटं बेसिक कॉम्बो, दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं, कारण बहुतेकांचा एकाच बाजूने लागतो आणि कॉर्नर बदलला की हात गोंधळतो. मग पाच-सात मिनिटं रँडम ब्लॉकवर कन्फर्म. मग दहा मिनिटं सुपर डॅशला २एच. उरलेला सगळा वेळ माणसांबरोबर खेळा, शक्य असेल तर एकाच माणसाबरोबर सलग, कारण एका मॅचनंतर निघून जाणाऱ्या अनोळखी प्लेयरकडून तुम्ही थर शिकत नाही, तो सवय बदलायच्या आधीच गेलेला असतो. २०२४ मध्ये पीसी, पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर रोलबॅक नेटकोड (ऑनलाइन खेळातला उशीर जाणवू न देणारं तंत्र) आला, त्यामुळे लांबच्या माणसाबरोबरसुद्धा आता कॉम्बोचं टायमिंग पूर्वीसारखं सरकत नाही, आधीच्या डिलेमध्ये शिकलेलं टायमिंग असेल तर एकदा ट्रेनिंगमध्ये जाऊन परत बसवून घ्या.

हरलेल्या मॅचचा रिप्ले बघताना कॉम्बो कुठे सुटला ते शोधू नका, ते तुम्हाला खेळतानाच कळलेलं असतं. समोरच्याची प्रत्येक पहिली हिट थांबवून बघा आणि त्याच्या आधीच्या दोन सेकंदांत तुम्ही कुठलं बटण दाबलं होतं ते लिहून काढा. तीन-चार मॅचमध्ये तेच बटण परत परत दिसेल, बहुतेक वेळा ते रिकामा सुपर डॅश असतो किंवा ब्लॉकमधून घाईने दाबलेला ५एल, आणि पुढच्या आठवड्यात फक्त तेवढं एक बटण कमी करायचं, बाकी काही बदलायचं नाही.